चाकांचा मक्ता

अमेरिकेच्या दक्षिणेकडील एखाद्या मध्यम शहराच्या हमरस्त्याने, जेथे जुन्या मोटारी विकणारे, पगारावर आगाऊ रक्कम देणारे आणि सोनेनाणे गहाण ठेवून घेणारे एकमेकांच्या शेजारी दुकाने थाटून बसलेले असतात, तेथून जाताना काचेच्या दर्शनी भिंतीमागे चकचकीत रिमांच्या रांगा मांडलेले प्रशस्त दुकान पुष्कळदा दृष्टीस पडते. आणि त्याच्या फलकावर टायरच्या एकंदर किमतीचा आकडा शोधू गेल्यास तो सहसा सापडत नाही, सापडतो तो आठवड्याच्या हप्त्याचा. चार टायर आजच्या आज बसवून मिळतील, गाडी चालती होईल आणि पत नसली तरी हरकत नाही, एवढेच त्या फलकाचे आश्वासन. या दुकानाकडे ग्राहकाच्या बाजूने पाहणारे विवेचन पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत लेखात ज्याने आपली आयुष्याची पुंजी ओतून असे दुकान एखाद्या मोठ्या नावाखाली, म्हणजे फ्रँचायझी घेऊन, उघडले आहे किंवा उघडावे असा ज्याचा मनोदय आहे, त्याच्या बाजूने हा प्रश्न तपासावयाचा आहे. आपण टायरच्या धंद्यात पडत आहोत अशी त्याची समजूत असते. परंतु जमाखर्चाची वही उलगडली असता ध्यानात येते की टायर हे निमित्त असून खरा धंदा वसुलीचा आहे.

व्यवहाराचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. 'रेंट-टू-ओन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ग्राहक वस्तू विकत घेत नाही आणि कर्जही काढत नाही. तो ती आठवड्याच्या, पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्याने घेतो, प्रत्येक मुदत संपली की नवे भाडे भरून करार पुढे चालवतो, आणि ठरलेली सर्व भाडी भरून झाली म्हणजे वस्तूचा मालक होतो. मध्येच त्याला ती नकोशी झाली तर परत आणून देण्याची त्याला पूर्ण मुभा असते, आणि परत केल्यावर उरलेल्या हप्त्यांचे कोणतेही ओझे त्याच्या शिरावर राहत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत रोख किंमत पुरी केल्यास अधिक काही द्यावे लागत नाही, अशी सवलतही बहुतेक दुकाने ठेवतात; पण शेवटपर्यंत हप्त्यांनी जाणारा ग्राहक रोख किमतीच्या सुमारे दुप्पट रक्कम भरून बसतो, आणि क्वचित त्याहूनही अधिक. 'केव्हाही परत करण्याची मुभा' आणि 'दुप्पट रक्कम' ही या व्यवहाराची दोन चाके असून एकाशिवाय दुसरे फिरत नाही.

या पद्धतीची कुळकथा जुनी आहे. सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या दशकात शिवणयंत्रे हप्त्याने देण्यास प्रारंभ केला. इंग्लंडात १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने 'हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज' या खटल्यात असा निवाडा दिला की भाडे-खरेदीने नेलेला पियानो केव्हाही परत करण्याची मुभा असलेला गृहस्थ त्याचा खरेदीदार ठरत नाही, म्हणून त्याने तो गहाण ठेवला तरी मूळ मालकाचा हक्क अबाधित राहतो. आपल्याकडे ट्रक आणि यंत्रे 'हायर पर्चेस'ने घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यासाठी १९७२ साली स्वतंत्र कायदाही संमत झाला होता, पण त्याची अंमलबजावणी कधीच झाली नाही आणि शेवटी २००५ साली तो रद्द करण्यात आला. मात्र आपल्या हायर पर्चेसमध्ये घेणारा बहुधा पुरत्या रकमेला बांधला जातो व त्याच्या मागे जामीनदार उभा असतो. अमेरिकेतील पद्धतीत जामीनदार नाही, पतपेढीचा दाखला नाही आणि पुढच्या आठवड्याचेही बंधन नाही.

हे बंधन नसणे योगायोगाने घडलेले नाही. १९६८ साली अमेरिकेत कर्जाच्या अटी उघड करण्याचा कायदा झाला, आणि १९७६ साली चार महिन्यांहून अधिक मुदतीच्या ग्राहक-भाडेपट्ट्यांनाही तशीच शिस्त लावण्यात आली. परंतु ज्या कराराची मुदत एकाच आठवड्याची आहे आणि जो ग्राहकाच्या मर्जीने दर आठवड्याला पुढे चालतो, तो कर्जही नव्हे आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाही नव्हे, म्हणून या दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीतून निसटला. कॅन्सस राज्यातील विचिटा हे या धंद्याचे माहेर समजले जाते. अर्नेस्ट टॅली यांनी १९६० नंतरच्या दशकात तेथे दूरचित्रवाणी-संच व घरगुती यंत्रे या रीतीने देण्यास सुरुवात केली, आणि १९७३ मध्ये 'रेंट-ए-सेंटर' हे नावही त्याच शहरात जन्मले. १९८४ साली मिशिगनने या व्यवहाराला कर्जापासून वेगळे मानणारा पहिला राज्य-कायदा केला व पुढे बहुतेक सर्व राज्यांनी तोच कित्ता गिरवला. अपवाद थोडे आहेत, पण ते बोलके आहेत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा व्यवहार हप्त्याने केलेली विक्रीच होय असे ठरवून त्याला तेथील ३० टक्क्यांची व्याज-मर्यादा लागू केली, म्हणजे एका निवाड्याने तेथील धंद्याचा पायाच हलवला. गुंतवणूकदाराने येथे पहिली खूणगाठ बांधावी ती ही, की त्याचा नफा ज्या एका शब्दावर, 'भाडे' या शब्दावर, उभा आहे तो शब्द कायद्याने दिलेला आहे आणि कायदा तो परतही घेऊ शकतो.

सोफा आणि शीतपेटी यांच्यानंतर या पद्धतीत चाके आली ती प्रथम अलंकार म्हणून. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन तरुणांत, विशेषतः हिप-हॉप संगीताच्या प्रभावाखालील वर्गात, मोठ्या रिमांचे वेड पसरले; २० इंची, २२ इंची, पुढे २४ इंची रिमे प्रतिष्ठेची चिन्हे झाली आणि २००४ पासून 'पिंप माय राइड' या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाने ते वेड घरोघर नेले. रिमांचा एक संच कित्येक आठवड्यांच्या मजुरीइतका महाग. तो हप्त्याने मिळू लागताच नवा बाजार उघडला. फ्लॉरिडातील टँपा येथे लॅरी सटन यांनी २००० साली 'रेंट-एन-रोल' नावाने जे दुकान काढले त्याचा पुढे देशभर फ्रँचायझीच्या रूपाने विस्तार झाला. कॅलिफोर्नियातून 'रेंट-ए-व्हील' पुढे आले. 'रिमटाइम' हे आणखी एक नाव. घरगुती सामानाच्या भाडे-खरेदीतील बलाढ्य 'एरन्स' कंपनीने 'रिमको' या नावाने याच धंद्यात पाऊल टाकले, परंतु जानेवारी २०१४ मध्ये तिने आपली २७ दुकाने विकून ते मागे घेतले. सोफ्याच्या वसुलीत मुरलेल्या कंपनीलाही चाके आपल्याकडे ठेवावीशी वाटली नाहीत, ही नोंद नवख्याने दुर्लक्षू नये. दुसरीकडे 'रेंट-एन-रोल'चे नाव कालांतराने 'आरएनआर टायर एक्सप्रेस' असे झाले, आणि रिमांची झळाळी मागे पडून टायरची निकड पुढे आल्याचे ते द्योतक आहे. अलंकाराचा ग्राहक मंदीत नाहीसा होतो. झिजलेल्या टायरचा ग्राहक मंदीतही येतोच, कारण अमेरिकेच्या बहुसंख्य शहरांत मोटारीवाचून कामावर जाता येत नाही.

हा ग्राहक कोण, याविषयी विश्वासार्ह माहिती उपलब्ध आहे. मध्यवर्ती सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, देशव्यापी नमुन्यातील बारा हजारांहून अधिक कुटुंबांची चौकशी करून, असे दाखवून दिले की २.३ टक्के कुटुंबांनी मागील वर्षात आणि ४.९ टक्के कुटुंबांनी मागील पाच वर्षांत या पद्धतीचा आश्रय घेतला होता. भाड्याने नेलेल्या मालापैकी सुमारे ७० टक्के माल शेवटी ग्राहकांच्याच मालकीचा झाला. आणि सुमारे ७५ टक्के ग्राहकांनी समाधान व्यक्त केले. असमाधानी राहिलेल्यांची मुख्य तक्रार किमतीविषयी होती. आपला माल बहुधा परतच येतो, सबब आपण खरोखरीचे भाड्याने देणारेच आहोत, असे जे या धंद्याचे प्रतिपादन असे त्याला या पाहणीने धक्का दिला. तथापि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने तोच आकडा दिलासा देणारा आहे, कारण शेवटपर्यंत जाणारे कूळच दुकान पोसते. फेडरल रिझर्व्हच्या वार्षिक पाहणीप्रमाणे २०२३ साली ४०० डॉलरचा अकस्मात खर्च रोखीने भागवू शकणारे प्रौढ ६३ टक्के होते. उरलेले ३७ टक्के ही या दुकानाच्या दाराबाहेरची रांग होय. चार टायरांचा खर्च बहुधा त्या ४०० डॉलरांच्या पलीकडेच जातो.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत, पण धंद्याची रीत त्यांतून नीट कळते. समजा, चाके व टायर यांचा एक संच दुकानदाराला ८०० डॉलरना पडतो, रोख किंमत १,६०० डॉलर आहे आणि भाडे आठवड्याला ४० डॉलरप्रमाणे ६५ आठवडे, म्हणजे २,६०० डॉलर. दहा कुळांपैकी पाच शेवटपर्यंत गेली, दोघांनी सवलतीच्या मुदतीत रोख किंमत पुरी केली, दोघांनी सोळा आठवड्यांनी माल परत केला आणि एक सहा हप्ते भरून मालासह नाहीसा झाला, तर जमा १७,७२० डॉलर, खरेदी ८,००० डॉलर आणि हाती ९,७२० डॉलर. आता याच दहांपैकी शेवटपर्यंत जाणाऱ्यांतील केवळ दोघे बुडव्यांच्या रांगेत जाऊन बसले असे धरा. जमा उतरून १३,००० डॉलरवर येते आणि हाती ५,००० डॉलर उरतात. टायरची खरेदी तीच, दुकानाचे भाडे तेच, नोकरांचा पगार तोच. दहांतील दोन माणसांनी जवळजवळ अर्धा नफा नेला. टायर घाऊक बाजारात चार टक्के स्वस्त मिळवण्यासाठी महिनाभर घासाघीस करणारा आणि कुळांना मंगळवारी फोन करण्याचा कंटाळा करणारा दुकानदार का बुडतो, याचे उत्तर एवढ्या बेरजेत आहे.

दुसरा हिशेब याहून फसवा आहे, कारण तो यशातून उद्भवतो. याच दराने आठवड्याला पंधरा नवे करार होऊ लागले, तर दर आठवड्याला १२,००० डॉलरचा माल दाराबाहेर जातो आणि पहिल्या आठवड्यात त्याबदली ६०० डॉलर येतात, दुसऱ्यात १,२००, तिसऱ्यात १,८००. एकही कूळ बुडले नाही, एकानेही माल परत केला नाही असे मानले तरी आवक आणि जावक समान होण्यास वीस आठवडे लागतात, आणि तोवर निव्वळ मालात १,१४,००० डॉलर रुतून बसतात. भाडे, पगार, विमा आणि वीज यांची गणती यात केलेलीच नाही. किराणा दुकान चालेनासे झाले म्हणजे बुडते. हे दुकान जोरात चालू लागल्यामुळेही रोकडीअभावी बुडू शकते. म्हणून या धंद्यात पडणाऱ्याने 'सुरुवातीला किती लागतील' या प्रश्नापाशी न थांबता, 'यश आले तर पाचव्या महिन्यात किती लागतील' हा प्रश्न आधी सोडवून ठेवावा.

सोफ्याच्या भाडे-खरेदीहून चाकांची भाडे-खरेदी कोठे वेगळी पडते, हे पाहिल्यावाचून आढावा पुरा होणार नाही. सोफा घरात असतो, चाके रस्त्यावर असतात; सोफा वापराने मळतो, टायर वापराने संपतो. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बहुतेक राज्यांत कायद्याने वापरता येत नाही. म्हणजे हप्ते भरले जात असताना तारण रोज रस्त्यावर उगाळले जात असते आणि वर्षभराने परत आलेल्या संचात विकण्याजोगे बहुधा रिमच उरते. त्या रिमालाही जात असते. होंडा अ‍ॅकॉर्ड, टोयोटा कॅम्री व निसान आल्टिमा या गाड्यांच्या चाकांना ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच भोके लागतात, शेव्हरोले सिल्व्हराडो ट्रकला १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा, तर फोर्डच्या एफ-१५० ला १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा. एकाचे रिम दुसऱ्याला बसत नाही. म्हणून आपल्या पंचक्रोशीत कोणत्या गाड्या अधिक फिरतात हे न पाहता हौसेने भरलेला माल परत येतो तेव्हा गिऱ्हाईकाची वाट पाहत फळीवर धूळ खात बसतो. टायरच्या अंगावरील चार आकडे तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला हे सांगतात, त्यामुळे गोदामात पडलेल्या मालाचे वयही लपत नाही.

वसुलीतही चाकांचा स्वभाव आडवा येतो. सोफा दोन माणसे उचलून आणतात; चाके आणावयाची तर जॅक लावून गाडीच उचलावी लागते, शांततेचा भंग न करता हे साधावे असे कायदा बजावतो, आणि गाडीला काही तरी दुसरी चाके लावून द्यावी लागतात, नाही तर कुळाची नोकरी जाते व नोकरीबरोबर राहिलेली बाकीही जाते. ज्या बँकेने किंवा सावकाराने मूळ गाडीवर कर्ज दिलेले असते तो गाडी जप्त करून नेतो तेव्हा आपली चाके तिच्याबरोबर जातात व ती सोडवून आणताना मालकीचा दस्तऐवज घेऊन मागे धावावे लागते. जबाबदारीचे अंगही निराळे आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लक्ष टायर परत मागवले, त्यामागे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या प्राणघातक अपघातांची मालिका होती. टायर बसवणारा हात ग्राहकाच्या जिवाशी खेळत असतो, म्हणून नट पुरेसा न आवळणाऱ्या एका नवशिक्या कारागिराची चूक विम्याचा हप्ताच नव्हे, दुकानही घेऊन जाऊ शकते. करांच्या बाबतीत १९९७ च्या कायद्याने भाडे-खरेदीच्या मालाला तीन वर्षांच्या घसाऱ्याची जी सवलत दिली तिची व्याख्या सामान्यतः घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंपुरती आहे; टायर काही घरात वापरत नाहीत, तेव्हा सोफावाल्याचा हिशेबनीस उसना घेण्यापूर्वी हा मुद्दा त्याला विचारावा. शिवाय माल बव्हंशी परदेशी घडणीचा. २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्के जादा जकात बसली, २०१५ मध्ये पुन्हा चिनी मालावर आणि २०२१ मध्ये कोरिया, तैवान, थायलंड व व्हिएतनाम येथील टायरांवर विशेष कर लादण्यात आले. वॉशिंग्टनमधील एका सहीने ८०० डॉलरच्या संचाची किंमत वाढते आणि गल्लीतल्या दुकानदाराला हप्ता मात्र तेवढ्या सहजपणे वाढवता येत नाही.

आता फ्रँचायझीचा विचार. आपल्या इतिहासात या नात्याशी मिळतीजुळती संस्था आहे, ती म्हणजे मक्ता. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने देण्याची जी रीत बोकाळली तिच्यात सरकारचा ऐवज आधी ठरे, मुलूख पिकला न पिकला याची तोशीस मक्तेदाराने सोसावी अशी अपेक्षा असे. आधुनिक मक्तेदार प्रारंभी नजराणा भरतो, पुढे दर आठवड्याच्या किंवा महिन्याच्या जमेवर ठरावीक टक्के रॉयल्टी व जाहिरात-निधीचा वाटा देतो. येथे लक्षात घेण्याजोगे आहे ते हे, की हा वाटा सामान्यतः एकूण जमेवर असतो, नफ्यावर नसतो. दुकानाला तोटा आला तरी मूळ कंपनीचा ऐवज चुकत नाही. त्याबदली मिळते ते नाव, घाऊक खरेदीतील सवलत, संगणकीय खतावणी, कामगारांचे शिक्षण आणि कराराचे नमुने. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींचे मोल नवख्याला कळत नाही, पण राज्याराज्यांचे भिन्न कायदे पाहता निर्दोष करारनामा आणि वसुलीची शिस्त शिकलेला व्यवस्थापक यांच्यासाठीच खरे पाहता तो पैसे देत असतो.

सुदैवाने या मक्त्यात शिरण्यापूर्वी डोळे उघडे ठेवण्याची सोय अमेरिकन कायद्याने केली आहे. १९७९ पासून अंमलात असलेल्या व २००७ साली सुधारलेल्या नियमानुसार मूळ कंपनीने २३ कलमांचा प्रकटन-दस्तऐवज, ज्याला धंद्यात एफडीडी म्हणतात, सही होण्यापूर्वी किंवा पैसे घेण्यापूर्वी किमान १४ दिवस हाती द्यावा लागतो. त्यातील मजकुराची शहानिशा कोणत्याही सरकारी खात्याने केलेली नसते, हे त्यातच नमूद असते. म्हणून तो दाखला समजू नये, उलटतपासणीचे साधन समजावे. सातव्या कलमात एकंदर प्रारंभिक खर्च असतो, आणि त्यातील 'अतिरिक्त निधी' ही बाब बहुधा पहिल्या तीन महिन्यांपुरतीच मोजलेली असते. वर मांडलेल्या हिशेबातील खड्डा वीस आठवडे खोल होत जातो, तेव्हा या दोहोंतील अंतर आपल्या खिशातून भरावयाचे आहे हे त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. एकोणिसाव्या कलमात दुकानांच्या उत्पन्नाची माहिती देणे ऐच्छिक असते. दिली असल्यास ती किती वर्षे जुन्या दुकानांची आहे, सरासरी आहे की मधल्या दुकानाची, आणि बुडीत खाते वजा जाता आहे की त्यापूर्वीची, हे तीन प्रश्न विचारावे. विसाव्या कलमात मागील तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद झाली, किती हातांतून हातांत गेली याचे तक्ते, तसेच चालू मक्तेदारांची व गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांची यादी असते. दहा यशस्वी मक्तेदारांपेक्षा सोडून गेलेल्या तिघांशी केलेले संभाषण अधिक शिकवते.

कागद वाचून झाल्यावर दुकान पाहावे, आणि ते शनिवारी पाहावे. पगार बहुधा शुक्रवारी होतो, म्हणून शनिवार हा वसुलीचा दिवस. त्या दिवशी गल्ल्यापाशी उभा असलेला माणूस कुळाला नावाने ओळखतो की खाते-क्रमांकाने, त्याच्या मुलाची चौकशी करतो की नुसती पावती फाडतो, हे तासभर पाहिले म्हणजे त्या दुकानाच्या थकबाकीचा अंदाज वही न उघडता येतो. कुशल व्यवस्थापक अडचणीत आलेल्या कुळाला दोन आठवड्यांची सूट देऊन बांधून ठेवतो; अकुशल व्यवस्थापक त्याला धमकावतो आणि माल, माणूस व बाकी तिन्ही गमावतो. चालू कुळांपैकी किती जणांची मुदत टळली आहे आणि दर महिन्याला मालाचा कितवा हिस्सा बुडीत खाती टाकावा लागतो, हे दोन आकडे जो विक्रेता मोकळेपणाने सांगत नाही त्याचे जुने दुकान विकत घेऊ नये.

धंद्याच्या क्षितिजावरील बदल थोडक्यात सांगतो. पूर्वी पत नसलेल्या ग्राहकाला या दुकानांशिवाय गत्यंतर नव्हते. आता कोणत्याही सामान्य टायरवाल्याच्या गल्ल्यावर, दूरध्वनीवरच, मध्यस्थ कंपनी भाडेकरार करून देते, टायरवाल्याला त्याची रोख किंमत ताबडतोब मिळते आणि बुडण्याची जोखीम मध्यस्थ उचलतो. 'एरन्स'ने २०१४ साली याच प्रकारची 'प्रोग्रेसिव्ह लीझिंग' ७० कोटी डॉलरना घेतली, तर 'रेंट-ए-सेंटर'ने २०२१ साली 'असिमा' घेतली. मोठे भांडवल कोणत्या दिशेने वाहते आहे हे यावरून दिसते. याच प्रोग्रेसिव्ह कंपनीला ग्राहकांची किमतीबाबत दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०२० साली फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून १७ कोटी ५० लक्ष डॉलर मोजावे लागले, तेव्हा भिंतीवरील प्रत्येक शब्द वकिलाच्या नजरेखालून गेलेला बरा. आणि मूळ कंपनी चिरंजीव असते असेही नाही. 'बडीज' या घरगुती भाडे-खरेदीच्या नावाची मालक असलेल्या 'फ्रँचायझी ग्रुप'ने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

अमेरिकेत नोकरी करून चार पैसे गाठीला बांधलेल्या मराठी गृहस्थाला 'आपल्या पैशाने कोणी तरी दुकान चालवावे आणि आपण तिमाही हिशेब पाहावा' हा विचार मोहक वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याच्यासाठी चार ओळी. एच-१बी परवान्यावर असलेल्याला दुकानात भाग घेता येतो, पण गल्ल्यावर बसून काम करता येत नाही. व्यापार-करारातील देशांच्या नागरिकांना मिळणारा ई-२ परवाना भारतीयांना खुला नाही. ईबी-५ साठी निवडक क्षेत्रांतही किमान ८ लक्ष डॉलर आणि दहा पूर्णवेळ नोकऱ्या लागतात, त्या एका दुकानात दाखवणे सोपे नाही. भारतातून पैसे न्यावयाचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लक्ष डॉलरची मर्यादा आहे. अमेरिकेच्या लघु-उद्योग खात्याच्या हमीवर बँकेचे कर्ज काढावयाचे झाल्यास वीस टक्के किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या प्रत्येक भागीदाराला स्वतः जामीन राहावे लागते, म्हणजे दुकान बुडाले तर घरावर टाच येऊ शकते. घरबसल्या मालकी आणि जामिनकी यांचा हा संगम दुर्दैवाचा आहे.

राहिला नीतीचा प्रश्न. गरिबाने श्रीमंतापेक्षा त्याच टायरसाठी दुप्पट मोजावे, ही गोष्ट कोणत्याही सहृदय मनाला बोचल्यावाचून राहणार नाही. परंतु गुळगुळीत टायरांनी पावसात कामावर जाणाऱ्या माणसाला रोखीच्या दुकानाने परत पाठवले, तर त्याच्या बोचण्याचे काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. माझ्या मते या धंद्याचे पाप दरात आहे त्यापेक्षा अधिक लपवण्यात आहे. एकंदर किंमत मोठ्या अक्षरांत लिहिणारा, मुदतीपूर्वी फेड करणाऱ्याला सवलत देणारा, परत आणलेला माल कुरकुर न करता घेणारा आणि थकलेल्या कुळावर चोरीची फिर्याद न ठोकणारा दुकानदार (टेक्सासात अशा फिर्यादी होत असल्याचे २०१७ साली वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले होते) आपल्या वस्तीची सेवाच करतो आणि बहुधा तोच टिकतोही, कारण या धंद्यात दुसऱ्या संचासाठी परत येणारे कूळ हीच खरी ठेव असते.

तेव्हा निर्णय असा. ज्याच्यापाशी माल, पगार आणि भाडे धरून निदान सहा महिने पुरेल एवढी रोकड वेगळी ठेवलेली आहे, ज्याचे राज्य भाड्याला भाडे मानते, ज्याने एफडीडीच्या विसाव्या कलमातील सोडून गेलेल्या मक्तेदारांना स्वतः फोन केले आहेत आणि जो पहिली दोन वर्षे प्रत्येक शनिवारी गल्ल्यापाशी उभा राहण्यास सिद्ध आहे, त्याने हा मक्ता घ्यावा. ज्याला शनिवारी सुटी हवी आहे, त्याने घेऊ नये.